ह्युब्रिस, अगॉन, हॅमर्शिया: हे शब्द आले कुठून?

ट्रॅजेडी, म्हणजे शोकांतिका, शिकवताना हे ग्रीक शब्द हमखास येतात. इ.स.पू. ३४८. अथेन्समध्ये डायोनायसस या देवाचा उत्सव चालू आहे, आणि वक्ता डिमॉस्थेनिसने आपल्या जमातीच्या गायकवृंदाचा सगळा खर्च अंगावर घेतलाय. तिथे भर थिएटरात मायडियस नावाच्या श्रीमंत माणसाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दोघांचं वैर जुनंच. यावर डिमॉस्थेनिसने लिहिलेलं भाषण आजही वाचायला मिळतं आणि त्यात ह्युब्रिस हा शब्द पुन्हापुन्हा येतो. नुसत्या माराचं एवढं नाही, पण मारणाऱ्याचा तो आविर्भाव, ती नजर, तो आवाज, हे दुसऱ्याला नीट सांगताही येत नाही असं तो म्हणतो.

आपल्याकडे ट्रॅजेडी शिकवताना ह्युब्रिस म्हणजे नायकाचा अहंकार असं एका ओळीत उरकतात, मला ते नेहमी खटकतं. अथेन्समध्ये ह्युब्रिस हा गुन्हा होता, त्यावर रीतसर फिर्याद लावता यायची. दुसऱ्याची अब्रू मुद्दाम घालवायची, आणि तीही आपण वरचढ आहोत या मजेसाठी, असा त्याचा अर्थ ॲरिस्टॉटल देतो.

अगॉनचंही तसंच. मूळ अर्थ चुरस, सामना. धावण्याची शर्यत अगॉन, नाटकांची स्पर्धा अगॉन आणि कोर्टातला खटलाही अगॉनच, त्यामुळे नाटकात दोन पात्रं समोरासमोर वाद घालतात त्या प्रसंगालाही अभ्यासक हेच नाव देतात. युरिपिडीसच्या 'ट्रोजन विमेन'मध्ये (इ.स.पू. ४१५) मेनेलाउस न्यायाधीशासारखा उभा, पॅरिसबरोबर पळून गेल्यामुळे ट्रॉयच्या युद्धाचं कारण ठरलेली त्याची बायको हेलन आपली बाजू मांडते की पॅरिसला जन्म ट्रॉयची राणी हेक्युबाने दिला, मला पळवलं ते प्रेमदेवता ॲफ्रोडायटीने, मग माझा काय दोष, आणि नंतर हेक्युबा तिचा एकेक मुद्दा खोडून काढते. बघणाऱ्यांना हे ओळखीचंच होतं, कारण त्यांच्यातले कितीतरी जण एरवी ज्युरीत बसायचे. मोठ्या खटल्यात ५०१ ज्युरी, वकील नाहीत, ज्याचं त्याने बोलायचं, फार तर लिसियससारख्या भाषणलेखकाकडून भाषण विकत लिहून घ्यायचं. वेळ पाण्याच्या घड्याळावर. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात, असं एक मातीचं भांडं सापडलंय, तळाशी बारीक नळी, साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं आणि ते सहा मिनिटांत रिकामं होतं. पाणी संपलं की भाषण संपलं! ॲरिस्टॉटलचे ते प्रसिद्ध ईथॉस, पेथॉस, लोगॉस (बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना, युक्तिवाद) अशाच जागी कामाला यायचे. आरोपी लेकराबाळांना रडवत कोर्टात उभं करायचे, ते पेथॉस, आणि इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसने नेमकं तेच करायला नकार दिला.

आता हॅमर्शिया, ट्रॅजेडीच्या नायकाला ज्यामुळे संकट ओढवतं ते, आणि शिकवताना त्याला 'स्वभावदोष' म्हणतात. हा शब्द मुळात नेम चुकण्याचा, भाला किंवा बाण भलतीकडे जाणं. 'ऱ्हेटोरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथात न्यायाबद्दल बोलताना ॲरिस्टॉटल तीन गोष्टी वेगळ्या करतो: दुर्दैवाने घडलेलं, चुकून घडलेलं आणि वाईट हेतूने केलेलं. मधल्यासाठी तो याच शब्दाचा सख्खा भाऊ वापरतो, हमार्तेमा. सोफोक्लीसच्या नाटकातला इडिपस तीन रस्त्यांच्या तिठ्यावर एका म्हाताऱ्याला मारतो, तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नसतं. याला 'स्वभावदोष' म्हणणं म्हणजे नाटकच उलटं वाचणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला कॅथार्सिस. हा शब्द वैद्यांचा आणि देवळातल्या शुद्धीचा, आणि ॲरिस्टॉटलचा बाप मॅसिडोनियाच्या राजाचा वैद्य होता, त्यामुळे मराठीत आपण जे विरेचन म्हणतो, पंचकर्मातलं, ते मला अगदी चपखल वाटतं. 'पोएटिक्स' या त्याच्या काव्यावरच्या ग्रंथात ट्रॅजेडीच्या व्याख्येत हा शब्द येतो, करुणा आणि भीती यांच्यासोबत. 'पॉलिटिक्स'मध्ये तो म्हणतो की याचा खुलासा काव्यावरच्या लिखाणात नीट करेन, आणि आपल्या हाती जे 'पोएटिक्स' आलंय त्यात तो खुलासाच नाही.