रेडवुड क्रीक: रस्ते उखडण्यापासून ओढ्यात ओंडके टाकण्यापर्यंत

उत्तर कॅलिफोर्नियात १९६८ साली रेडवुड राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा रेडवुड क्रीक या मोठ्या ओढ्याच्या खालच्या भागातली काठालगतची चिंचोळी पट्टीच त्यात आली. १९६३ मध्ये जगातले सर्वांत उंच म्हणून मोजलेले, सुमारे ११२ मीटरचे रेडवुडचे झाड याच पट्टीत होते. वरच्या उतारांवर तोड चालूच राहिली. झाड वाचवायचे आणि त्याच्या डोक्यावरचा डोंगर सोडून द्यायचा, हा हिशेब जुळणारा नव्हताच. डिसेंबर १९६४ च्या महापुराने खोऱ्यात आधीच गाळ ओतला होता, १९७२ आणि १९७५ च्या पुरांनी भर घातली. पात्र उथळ आणि रुंद झाले, डोह बुजले.

१९७८ च्या कायद्याने ४८,००० एकर जमीन उद्यानात आली, तीही बहुतेक तोडून झालेली. सोबत सुमारे ३०० मैल लाकूडवाहतुकीचे रस्ते आले आणि ओंडके ओढण्याच्या वाटा तर जवळपास ३,००० मैल. खरी मेख रस्ता ओढा ओलांडतो तिथे होती. रस्त्याखालून पाणी जाऊ देणारी मोरी पालापाचोळ्याने तुंबली की पाणी रस्त्यावरून धावते आणि जिथे कधी ओढा नव्हता अशा उतारावर घळ पाडते. काही ठिकाणी मोरीच नव्हती. ओंडके रचून वर माती लोटलेली. ओंडके कुजले की भराव खचतो.

सुरुवातीला हाताने छोटे बांध आणि काटक्यांच्या जुड्या लावल्या गेल्या. भराव तसाच राहिल्याने त्यांचा उपयोग मर्यादित होता. मग पोकलेन आणि बुलडोझर लावून भराव मूळ तळापर्यंत काढू लागले. गाडलेले बुंधे, काळी माती, गोल गोटे लागले की तळ आला असे समजायचे. खोदाई कमी पडली, तर पहिल्याच मोठ्या पावसात ओढा उरलेली माती स्वतः खणून खाली नेतो. १९९७ च्या वादळानंतर केलेल्या मोजणीत असे काम झालेल्या रस्त्यांवरून आलेला गाळ काम न झालेल्या रस्त्यांच्या सरासरी चौथा हिस्सा भरला.

ओढ्यांतले ओंडके एकेकाळी माशांना अडथळा म्हणून काढले जात. कोहो सॅमन या माशाची पिल्ले समुद्राकडे जाण्याआधी साधारण वर्षभर गोड्या पाण्यात असतात. त्यांना लागणारे थंड डोह आणि आडोसा हेच ओंडके तयार करतात. २०१८ पासून 'रेडवुड्स रायझिंग' या संयुक्त उपक्रमात दाटीवाटीने वाढलेले डग्लस फर हे सूचिपर्णी वृक्ष विरळ केले जातात आणि त्यातली काही झाडे ओढ्यांत टाकली जातात. मुख्य पात्रातला जुना गाळ मात्र पुरांच्या भरवशावरच पुढे सरकतो.