कृष्णेच्या काठाने एक दिवस: धोम, मेणवली, वाई

"याच दिवसात पाचगणी-महाबळेश्वरही होईल ना?" हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. नाही होणार. आमच्या सहलीत ठिकाणं तीनच आहेत आणि तीही एकमेकांपासून काही किलोमीटरवर. गाडीत कमीत कमी बसायचं आणि पायी जास्तीत जास्त फिरायचं, हे आम्ही जाणूनबुजून ठरवलेलं आहे.

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा धोमच्या धरणात थबकते, मग मेणवलीवरून वाईत येते. आपणही नदीबरोबरच खाली यायचं.

धोम

सकाळी आठला वाईच्या एसटी स्थानकाजवळ जमून आधी धोम गाठतो. इथल्या शिवमंदिरासमोर कमळाच्या आकाराची पुष्करिणी आहे. तिच्या मध्यावर दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. पुष्करिणी भरलेली असली की कासव मंडप घेऊन पोहत निघाल्यासारखं वाटतं. कोरडी असली तर हिरमुसू नका, तेव्हा कासव पूर्ण बघायला मिळतं. शेजारी नरसिंहाचं मंदिर आहे. त्यानंतर तासभर जलाशयाच्या कडेने चालायचं. खंड्या, पाणकावळे, बगळे दिसतात. दुर्बीण असेल तर जरूर आणा.

मेणवली

सगळ्यांत जास्त वेळ इथे. नाना फडणवीसांचा हा वाडा सहा चौकांचा आहे. बाहेरून तो भक्कम, जवळजवळ अबोल वाटतो. आत मात्र एकेका चौकात उजेड उतरत जातो आणि वरच्या मजल्यावर भिंतींवरची जुनी चित्रं समोर येतात. चित्रांना हात लावू नये, ही कळकळीची विनंती. घामानेही रंग जातो. नानांच्या कागदपत्रांचा प्रचंड साठा, म्हणजे 'मेणवली दप्तर', याच वाड्यातला. पेशवाईचा कारभार समजून घ्यायला अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे क्वचित एखादी खोली बंद असू शकते.

मागच्या बाजूने पायऱ्या थेट नदीच्या घाटावर उतरतात. तिथे मेणेश्वराच्या मंदिराजवळ एका छोट्या दगडी घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. नीट पाहिलंत तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल दिसेल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेल्या घंटांपैकी ही एक. चर्चची घंटा कृष्णेकाठच्या महादेवापाशी कशी आली, हे सांगताना आमचे वाटाडे घड्याळ बघत नाहीत.

दुपारचं साधं जेवण गावातल्याच एका घरी. वाईचा परिसर हळदीसाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर शिजवून वाळत घातलेल्या हळकुंडांचे पिवळेजर्द पट्टे रस्त्यालगत दिसतील.

वाई

ऊन कलल्यावर गणपती घाट. ढोल्या गणपतीचं मंदिर १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. दर्शन घेऊन लगेच परतू नका, मंदिराच्या मागे या. मागची भिंत होडीच्या नाळेसारखी टोकदार आहे. पुराचा लोंढा तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा आणि गाभाऱ्यावर थेट आदळू नये, म्हणून ही योजना. नदीचा स्वभाव ओळखून बांधणं म्हणजे काय, ते या एका भिंतीपाशी कळतं.

माघाच्या सुमारास वाईत कृष्णाबाईचा उत्सव असतो. एकेका घाटावर पाळीपाळीने देवी बसते, कीर्तनं आणि महाप्रसाद होतात. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी कृष्णेला केलेल्या नवसातून तो सुरू झाला, असं परंपरा सांगते. त्या दिवसांत आपण संध्याकाळी घाटावर जास्त वेळ थांबतो. ही पाहुण्यांसाठी मांडलेली कार्यक्रमपत्रिका नव्हे, गावाचा घरचा उत्सव आहे. म्हणून फोटो काढण्याआधी विचारा.

येण्याआधी

एका गटात बाराच जण घेतो. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा पकड असलेली पादत्राणं हवीत. गुडघ्यांचा त्रास असल्यास नोंदणी करतानाच सांगा, मेणवलीच्या पायऱ्या टाळून जाणारा रस्ता दाखवू. नदीत उतरायला परवानगी नाही, पोहता येत असलं तरीही. पावसाळ्यात पाणी चढलं की घाटांचा भाग रद्द करतो. तसं झाल्यास आदल्या संध्याकाळी फोन करून कळवू. तुम्ही दुसरी तारीख घ्या किंवा पूर्ण पैसे परत घ्या.