अग्निवीर भरती: कागद कुठे अडतात आणि यादीत नाव आल्यावर काय वाचायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं पळण्यात कमी पडत नाहीत. तरी कितीतरी जण कागदपत्रांच्या टेबलावरून परत येतात. वर्षभर घाम गाळलेला पोरगा एका शिक्क्यासाठी घरी येतो, हे बघवत नाही.

पात्रता थोडक्यात. जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के, प्रत्येक विषयात ३३. टेक्निकलला बारावी विज्ञान, एकूण ५०, प्रत्येक विषयात ४०. क्लार्कला बारावीत ६०, प्रत्येक विषयात ५०. ऑनलाइन अर्ज, संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदान आणि मेडिकल. कॉलेज महाराष्ट्रात चंदगडला असलं तरी रहिवास खानापूर तालुक्यातला असेल, तर अर्ज बेळगाव भरती कार्यालयाकडेच.

आता खरी अडचण. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. मुलं तो अर्ज भरतानाच काढून ठेवतात आणि मैदानाची तारीख येईपर्यंत तो जुना होतो. मैदानाचं प्रवेशपत्र हातात आल्यावरच काढा. दाखल्यावर सरपंचाची सही मागतात, आपल्याकडे कर्नाटकात तर पंचायतीला अध्यक्ष असतो. लेटरहेडवर अध्यक्षांची सही, गोल शिक्का आणि फोटो घ्या, जमलं तर पीडीओंची, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांचीही सही घ्या. हा फरक नियम लिहिणाऱ्यांना इतक्या वर्षांत कळू नये?

दुसरं, नाव. मार्क्सकार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, वडिलांचं नाव तिसरंच. दहावीचं मार्क्सकार्ड प्रमाण धरून आधार दुरुस्त करा. बोर्डाकडून मार्क्सकार्ड बदलून घेण्यात महिने जातात. ते मूळ मार्क्सकार्ड कॉलेजात जमा असेल तर आजच मागून आणा.

निवड यादी वेबसाइटवर लागते. घरी पत्र येईल म्हणून थांबू नका, रोज बघा.

यादीत नाव आलं की बहुतेक जण पुस्तकं रद्दीत घालतात. तसं करू नका, बाळांनो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे म्हणून प्रशिक्षण घराजवळच होईल असं नाही. टेक्निकलवाल्याला सिकंदराबाद किंवा जबलपूरही मिळू शकतं. तिथे शिकवणं हिंदीत, म्हणून मराठी-कन्नड माध्यमाच्या मुलांनी रोज हिंदी वाचावं, बोलावं. नकाशावाचनाला कोन, प्रमाण आणि दशांश लागतात, ते आठवी-नववीच्या गणितात आहेत. टेक्निकलला अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र, विशेषतः वीज, पुन्हा काढा. क्लार्कला इंग्रजी पत्रलेखन आणि टायपिंग.

अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम ठेवतात, तेही कामगिरी बघून. दहावीवर गेलेल्यांना सेवेत राहून एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावी करण्याची सोय २०२२ मध्ये जाहीर झाली आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या अग्निवीरांसाठीच्या पदवीत निम्मी क्रेडिट्स सेवेतल्या प्रशिक्षणातून धरतात. युनिटमध्ये पोचलात की याची चौकशी पहिल्याच वर्षी करा.