मंत्राआधीची मशागत

१९३० च्या दशकात अर्विंग हॅलोवेल हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ कॅनडातल्या बेरेन्स नदीकाठच्या ओजिब्वे या आदिवासी लोकांचा अभ्यास करत होते. तिथल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "इथे आजूबाजूला दिसणारे हे सगळे दगड जिवंत आहेत का?" म्हातारा बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "नाही! पण काही आहेत."

मला हे उत्तर फार आवडतं. कारण १८७१ मध्ये ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी जडप्राणवादाची, म्हणजे निर्जीव वस्तूंतही प्राण मानण्याच्या समजुतीची, मांडणी केली, तेव्हा त्यांच्या लेखी ती आदिमानवाच्या तर्कातली चूक होती: स्वप्नांचा आणि मृत्यूचा उलगडा होईना, म्हणून त्याने आत्मा कल्पिला आणि तो जिथे तिथे बसवला. ओजिब्वे म्हातारा असं सरसकट काही बोलतच नाही. कुठला दगड जिवंत, हे त्याच्या दृष्टीने अनुभवाने ठरायचं. एखादा दगड विधीच्या वेळी हलला, माणसाशी काही व्यवहार केला, तर तो 'कोणीतरी'. आणि समोर कोणीतरी आहे म्हटलं की वागण्याची रीत आली. त्याच्याशी बोलावं लागतं, त्याची परवानगी घ्यावी लागते. मुळी उपटण्याआधी झाडाला विचारणं किंवा औषधाला उद्देशून मंत्र म्हणणं यांना अर्थ येतो तो इथून.

अशी नजर फक्त अरण्यात राहणाऱ्यांची असते असंही नाही. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मरियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटा चलत्पट दाखवून लोकांना वर्णन करायला सांगितलं. पडद्यावर होतं काय? दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप करणारं दार असलेला एक चौकोन. पहिल्या गटात ३४ जण होते. त्यांतल्या फक्त एकाने भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. बाकीच्यांना हालचालींत सजीवांची करणी दिसली. मोठा त्रिकोण दांडगट ठरला. हलत्या आकारामागे हेतू शोधण्याची खोड आपल्या मेंदूला उपजतच असावी.

पण खोड असणं वेगळं आणि तिचं कसब होणं वेगळं. त्यासाठीच जादूच्या बहुतेक परंपरा मंत्राआधी मनाची तयारी मागतात. तान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात लंडनमधल्या आधुनिक जादू-साधकांत वावरल्या आणि नुसतं बघत न बसता त्यांची साधनाही शिकल्या. शरीर सैल सोडायचं, श्वास संथ करायचा, मग मिटल्या डोळ्यांपुढे एखादं दृश्य रंग, आवाज, स्पर्शासकट उभं करायचं. आणि हे रोज. काही काळाने त्यांना मनातली चित्रं स्पष्ट दिसू लागली, एकाग्रता वाढली. एके दिवशी सकाळी जाग आली तर खिडकीपाशी सहा ड्रुइड, म्हणजे प्राचीन ब्रिटनमधले पुरोहित, उभे राहून त्यांना खुणावत होते! त्या ताडकन उठून बसल्या आणि ड्रुइड नाहीसे झाले. आदल्या रात्री उशिरापर्यंत त्या ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाच्या काळातली कादंबरी वाचत होत्या, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवलं आहे.

पुढे त्यांनी अमेरिकेतल्या ख्रिस्ती भाविकांवर याची रीतसर चाचणी घेतली. काहींना चार आठवडे, आठवड्यातले सहा दिवस अर्धा तास, कल्पनेत रंगून करायची प्रार्थना दिली आणि काहींना बायबलवरची व्याख्यानं ऐकायला दिली. प्रार्थना करणाऱ्यांच्या मनातली चित्रं अधिक ठळक झाली, आवाज ऐकू आल्यासारखे अनुभवही त्यांच्यात जास्त आढळले. मात्र सगळ्यांना हे सारखं जमत नाही. तल्लीन होण्याची क्षमता माणसागणिक कमी-जास्त असते. ती मोजायला १९७४ पासून मानसशास्त्रज्ञ टेलेगेन यांची ३४ प्रश्नांची मोजपट्टी वापरतात.

म्हणजे तयारीने साधक बदलतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. जग बदलतं, याला मात्र अजिबात नाही. ठळक दिसलेला ड्रुइड हा ड्रुइड असल्याचा पुरावा होत नाही. शिवाय तयारीला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

मध्य आफ्रिकेतल्या अझांडे लोकांत ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड १९२६ ते १९३० या काळात राहून आले. तिथे कोंबडीला विष पाजून कौल लावत. रानवेलीची तांबडी पूड पाण्यात कालवायची, कोंबडीच्या चोचीत पिळायची आणि विषालाच प्रश्न घालायचा: असं असेल तर कोंबडी मार. विष पाजणाऱ्याला आधी काही दिवस कडक पथ्य असे: स्त्रीसंग नाही, मासे नाहीत, हत्तीचं मांस नाही. कौल पक्का करायला दुसऱ्या कोंबडीवर तोच प्रश्न उलटा घालत. एक मेली आणि एक जगली तरच निकाल ग्राह्य. पडताळ्याची ही शिस्त आजच्या कित्येक भविष्यवाल्यांना परवडणार नाही. पण दोन्ही मेल्या तर? तर पथ्य मोडलं असणार, विष जुनं झालं असणार, कुणीतरी करणी केली असणार. कौल लावणंच मुळात फोल असेल, हा निष्कर्ष कधी निघतच नसे. तयारीची अट जितकी नाजूक, तितकी अपयशाची सबब हाताशी. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी स्वतःचं घरही तिथे याच कौलांवर चालवलं, आणि त्यांच्या मते ते दुसऱ्या कुठल्याही पद्धतीइतकंच समाधानकारक चाललं.