इंदूरमध्ये लिव्हिंग विल करायचं तर: कागद, साक्षीदार, नोटरी आणि नगर निगम

आमच्या काकांचं लिव्हिंग विल, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, अगदी व्यवस्थित होतं. सही, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सगळं. फक्त ते बँकेच्या लॉकरमध्ये होतं, शनिवारची संध्याकाळ होती आणि किल्ली पुण्याला गेलेल्या चुलतभावाच्या खिशात. आयसीयूतले डॉक्टर भले होते, पण कागद बघितल्याशिवाय ते तरी काय करणार? तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणी विचारलं, की मी आधी ‘कागद ठेवणार कुठे?’ हे विचारतो आणि मग बाकीचं सांगतो.

मृत्युपत्र आपण गेल्यावर उघडतात. लिव्हिंग विल आपण असताना, पण बोलता येत नसताना लागतं. यासाठी संसदेनं वेगळा कायदा केलेला नाही. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला, तोच आधार. त्या वेळी या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानंच ही अट काढली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

एक गैरसमज आधी दूर करू. इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे. या कागदानं एवढंच होतं, की बरं होण्याची आशा संपलेली असताना मरण केवळ लांबवणारे उपचार, म्हणजे व्हेंटिलेटर, डायलिसिस वगैरे, सुरू न करणं किंवा थांबवणं. वेदना कमी करणारी औषधं आणि शुश्रूषा चालूच राहते.

कोण करू शकतं? १८ वर्षं पूर्ण झालेली, भानावर असलेली, कुणाच्या दबावाखाली नसलेली कुणीही व्यक्ती. आजारी असलंच पाहिजे असं नाही. ‘भानावर’ या शब्दाशी मात्र थोडं थांबायला हवं. पूर्वी म्हातारपणची विसर म्हणून सोडून द्यायचे, ती आता स्कॅन आणि स्मरणचाचण्यांमुळे बरीच आधी ‘अल्झायमर’ म्हणून कळते. निदान झालं म्हणजे सहीचा हक्क गेला असं नाही. सही करताना आपण काय लिहितोय, त्याचा परिणाम काय, हे त्या माणसाला समजत असेल तर कागद चालतो. पण उशीर करू नये. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून ‘निर्णयक्षमता शाबूत आहे’ अशी चिठ्ठी त्याच तारखेची घेऊन सोबत जोडावी. न्यायालयानं ती मागितलेली नाही, हा माझा सल्ला. पुढे एखादा भाऊ ‘बाबांना तेव्हा कळतच नव्हतं’ म्हणाला, तर हीच चिठ्ठी कामी येते.

कागदाचा सरकारी छापील नमुना नाही. साध्या भाषेत लेखी लिहायचं: कोणत्या परिस्थितीत कोणता उपचार नको, आणि आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीनं संमती कोण देईल. एकापेक्षा जास्त नावं देता येतात, आणि द्यावीच. एक मुलगा बेंगळुरूला, दुसरी मुलगी कॅनडात अशी आपली घरं. इंदुरात राहणारं निदान एक नाव असू द्या. ‘मला त्रास देऊ नका’ एवढंच लिहिलं तर डॉक्टरला त्यातून काही उमगत नाही. ‘मेंदूला कायमची इजा झाली आणि शुद्धीवर येण्याची शक्यता नाही असं डॉक्टरांचं मत झालं, तर व्हेंटिलेटर नको’ असं नेमकं लिहा.

भाषेचं काय? मराठीतून लिहिलं तर मन मोकळं होतं, कबूल. पण रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरला ते वाचता आलं पाहिजे. तेव्हा सही-शिक्क्याचा कागद हिंदी किंवा इंग्रजीत करा, मराठी पत्र मुलांसाठी वेगळं लिहा.

साक्षीदार दोन, शक्यतो घराबाहेरचे. मुलगा आणि सून यांना साक्षीदार करू नका. शेजारी, ऑफिसातले जुने सहकारी चालतील. तिघांनी मूळ आधार कार्डं घेऊन नोटरीकडे एकत्र जायचं, कारण सही सगळ्यांसमोर व्हायला हवी. घरी सह्या करून कुणाच्या तरी हाती शिक्क्याला कागद पाठवायचा प्रकार इथे नको. रजिस्ट्रीची गरज नाही.

मग प्रती. ज्यांची नावं दिली त्यांना, फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांना, आणि एक नगर निगमला. स्थानिक संस्थेनं हे कागद सांभाळायला एक अधिकारी नेमायचा आहे, असं न्यायालयानं म्हटलंय. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनीच स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली. आपल्याकडे निगमात ‘कस्टोडियन कोण?’ असं विचारा. खिडकीवरच्या बाबूला शब्द नवा वाटला तर वाद घालू नका. निकालाचा उल्लेख करून आयुक्तांच्या नावे अर्ज लिहा, प्रत जोडा, आवक शाखेत द्या आणि पावती घ्या. डिजिटल हेल्थ रेकॉर्ड असेल तर त्यातही हा कागद घालता येतो. माझ्या मते काकांच्या शनिवारवर खरा इलाज तोच.

वेळ आली की रुग्णालय दोन मंडळं बसवतं. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात सीएमएचओनं, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं, नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ, पहिल्या मंडळात नसलेले. प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दोन्ही मंडळांचं जमलं आणि तुम्ही नाव दिलेल्या माणसानं संमती दिली, की अंमल करण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका करता येते. कागद केलेलाच नसेल तरी हीच वाट आहे, पण मग संमतीचं ओझं जवळच्या नातेवाइकांवर येतं.

लोक सर्वांत जास्त गोंधळतात ते ‘ब्रेन डेड’ आणि ‘कोमा’ किंवा तशा इतर अवस्था यांत. ग्रीन कॉरिडॉरच्या, म्हणजे दान केलेले अवयव वेळेत पोचवायला मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याच्या, बातम्यांमुळे इंदुरात पहिला शब्द घरोघरी पोचलाय. ब्रेन डेड म्हणजे मस्तिष्कस्तंभाचं (ब्रेन स्टेमचं) काम कायमचं थांबलेलं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून ते ठरवतं. तिथे प्रश्न अवयवदानाचा असतो आणि संमती घरच्यांची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग मात्र ब्रेन डेड नव्हत्या. श्वास स्वतःचा चालू होता, डोळे उघडत होते. केईएममध्ये त्या ४२ वर्षं तशाच होत्या. लिव्हिंग विल आहे ते ब्रेन डेड न झालेल्या, पण परतण्याची आशा नसलेल्या रुग्णांसाठी.

लिव्हिंग विलला ‘अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह’ही म्हणतात, आणि त्याच नावाचा आणखी एक कागद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही ‘अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह’ आहे. तो मानसिक आजारात कसे उपचार हवेत, कसे नकोत, यासाठी. दोन्ही गोष्टी २०१८ मध्येच लागू झाल्या, म्हणून वकीलही कधीकधी घोळ करतात. दोन्ही हवे असतील तर दोन वेगळे कागद करा.

मन बदललं तर कधीही रद्द करता येतं, पण लेखी आणि त्याच पद्धतीनं. दोन कागद निघाले तर शेवटच्या तारखेचा धरतात. म्हणून प्रत कुणाकुणाला दिली त्यांची यादी मूळ कागदाच्या पाठीमागेच लिहून ठेवा. आमच्या घरी आता तो कागद औषधांच्या डब्याशेजारी असतो, आणि मेडिक्लेमच्या फाइलला त्याची झेरॉक्स टाचलेली.