डीसीसीला खरंच दोन तारा पुरतात?
कोथरूडचं जोशी रेल्वे संग्रहालय पाहून माळ्यावरची मॉडेल आगगाडी पुन्हा काढणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं: डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे गाड्या डिजिटल आज्ञांनी चालवायची पद्धत) घ्या, दोन तारा जोडा, झालं. हे चूक आहे.

जुन्या डीसी (एकदिश विजेच्या) पद्धतीत रुळावरचं व्होल्टेज वाढवलं की गाडी पळायची. डीसीसीत रुळांत सतत पूर्ण व्होल्टेज असतं. आज्ञा त्यातूनच जातात आणि इंजिनातला डिकोडर (आज्ञा वाचणारी चिप) फक्त स्वतःच्या पत्त्याची, म्हणजे क्रमांकाची (नव्या डिकोडरचा बहुधा 3), आज्ञा पाळतो. छोटं वर्तुळ दोन तारांवर चालेलही. पण रुळांचे सांधे वीज नीट नेत नाहीत. लांब मांडणीत व्होल्टेज पडतं आणि, जास्त घातक म्हणजे, शॉर्ट सर्किट झालेलं बूस्टरला (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राला) कळतच नाही, वीज वाहतच राहते. डबे वितळू शकतात. टेबलाखाली जाड मुख्य तारा न्या, दर मीटर-दीड मीटरवर रुळांना जोड द्या.