स्टॅबिलायझर भिंतीपाशी, धोका मदरबोर्डवर

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल-चादरींची जॅकार्ड डिझाइनं जिथं काँप्युटरवर काढली जातात, तिथं शेजारी स्टॅबिलायझर किंवा यूपीएस असायचाच. व्होल्टेज खाली-वर झालं की मशीन जातं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. ती काळजी रास्तच आहे. पण प्रोसेसर हळूहळू झिजवणारं व्होल्टेज भिंतीतून येत नाही, ते मदरबोर्डवरच तयार होतं.

एसएमपीएस, म्हणजे काँप्युटरच्या डब्यातला पॉवर सप्लाय, २३० व्होल्टचे १२ करतो. मग मदरबोर्डवर प्रोसेसरच्या कडेला बसलेलं व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, त्याचे साधारण सव्वा व्होल्ट करतं. आकडा किरकोळ वाटतो, पण २५० वॅट घेणाऱ्या प्रोसेसरला त्या व्होल्टेजवर २०० अँपिअर लागतात! शिवाय आतल्या ट्रान्झिस्टरमधला इन्सुलेशनचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. तो दोन नॅनोमीटर धरला, तर १.४ व्होल्टला ताण होतो मीटरमागे ७० कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला ३० लाख पुरतात. म्हणून इथं दशांश चिन्हानंतरचा आकडाही महत्त्वाचा.

किती व्होल्ट हवेत हे प्रोसेसर स्वतःच मागतो, आणि ही मागणीच चुकू शकते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत तेच झालं. जादा व्होल्टेज आणि उष्णतेनं आतलं ‘क्लॉक’ सर्किट, म्हणजे चिपच्या कामाला ठेका देणारा भाग, अकाली म्हातारं होऊ लागलं. गेम मध्येच बंद पडायचा, ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा आणि दोष बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डवर जायचा. ऑगस्ट २०२४मध्ये बायोस अपडेटमधून (बायोस म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) आलेल्या दुरुस्तीनं या मागणीला १.५५ व्होल्टचा चाप लावला. सप्टेंबरच्या दुरुस्तीनं काँप्युटर जवळपास रिकामा असतानाची जादा मागणीही आवरली. हो, रिकामा असताना! छोट्याशा कामासाठी एक-दोन कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) सुसाट पळतात तेव्हाच व्होल्टेज सर्वांत वर जातं. पण आधीच झिजलेली चिप या दुरुस्तीनं बरी होत नाही, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

तेव्हा आधी बायोस अपडेट करा, तेही यूपीएसवर. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच बंद पडू शकतो. मग पॉवरची मर्यादा इंटेलच्या डिफॉल्टवर आणा, कारण अनेक बोर्ड ती मोकळी सोडून देतात. १३९००के किंवा १४९००के या प्रोसेसरांना २५३ वॅट पुरे. त्यानंतर हवं तर व्होल्टेजला उणे ऑफसेट द्या, म्हणजे प्रोसेसर मागतो त्यापेक्षा थोडं कमी व्होल्टेज मिळेल असं बायोसमध्ये ठरवा. एकदम उडी नको, ०.०२५ व्होल्टनं उतरा आणि दर पायरीला तासभर जड काम देऊन बघा. फार खाली गेलात तर मशीन अडकेल किंवा रीस्टार्ट होईल, त्यामुळे त्या वेळी महत्त्वाची फाइल उघडी ठेवू नका. चिपला मात्र त्यानं इजा होत नाही.

फायदा चांगलाच दिसतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गानुसार वाढते, म्हणून तोच वेग ठेवून १.४ वरून १.३ वर आलात तरी चिपची स्विचिंगची (ट्रान्झिस्टर चालू-बंद होतानाची) उष्णता जवळजवळ १४ टक्के घटते. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, कूलर तीच तापलेली हवा फिरवतो. आपल्याकडे ही सेटिंग पुण्या-मुंबईपेक्षा जास्त गरजेची आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या बायोस अपडेटनंतर या सेटिंग्ज बहुधा पुसल्या जातात. बायोसच्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.